कोंडाईची सावली

फार वर्षांपूर्वी, वऱ्हाडात लोखंडी नांगर यायच्याही आधी, बोरखळी नावाच्या गावात एक बाई राहत होती. तिचं नाव कोंडाई. किती वर्षं झाली ते विचारू नये. सांगणाऱ्याला ते माहीत नाही, आणि त्याला ज्यानं सांगितलं त्यालाही माहीत नव्हतं.

बोरखळीचं ऊन म्हणजे ऊन. वैशाखात कावळा सावली शोधत उडायचा आणि कुठं सापडली नाही की आपल्याच सावलीवर उतरून बसायचा, असं म्हणतात. बाया खडकावर भाकरी टाकायच्या आणि चूल न पेटवता ती फुगायची, असंही म्हणतात. पण ते आपण सोडून देऊ. बोरखळीची माणसं आपल्या उन्हाबद्दल जराही हात राखून बोलत नाहीत.

तर ही कोंडाई जात्यांना टाकी लावायची. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की दाणा नुसता गोल फिरतो, पीठ पडत नाही. मग कोंडाईला बोलावणं जायचं. ती छिन्नी-हातोडी घेऊन ओसरीवर बसायची, जात्याच्या दोन्ही तळ्या उलट्या करायची आणि टिक टिक टिक करत दगडाला पुन्हा दात आणून द्यायची. एखाद्या घरी चुलीत राख थंड दिसली, तर तिथं ती जात्याला टाकी लावायची आणि पदराला बांधलेली ज्वारीही तिथंच सोडून यायची. वर म्हणायची, "जातं रिकामं पाह्यलं का माहे हात दुखते." कोणाला उपकार वाटू द्यायचे नाहीत, ही तिची रीत.

तिचा नवरा मैनाजी पाथरवट होता. गावच्या विहिरीला उतरायच्या पायऱ्या त्यानंच घडवल्या होत्या, आणि अजून कोणी त्या पायऱ्यांवरून घसरलेलं नाही. एका पौषात खाणीतला धोंडा सुटला आणि मैनाजीच्या कमरेवर आला. जीव वाचला, पण कंबर गेली. पायांत आकड्या यायच्या, पाठीतून सुरी फिरवल्यासारखी कळ जायची. डोळ्याला डोळा लागेना. अन्न जाईना. दांडगा माणूस, पण महिन्याभरात त्याच्या हातावरची कातडी लोंबू लागली. तालुक्याचा वैद्य आला, त्यानं नाडी पाहिली आणि बाहेर येऊन कोंडाईला हळूच सांगितलं, "माणूस दुखण्यानं मरत नाही बाई, न झोपल्यानं मरतो. याला झोप आणा, नाहीतर दिवाळी पाहणार नाही."

कोंडाईनं काय केलं नाही? शेकलं, चोळलं, लेप लावले, तीन देवांना नवस बोलली आणि चौथ्याला धमकी दिली. झोप काही आली नाही.

शिवरात्र होऊन गेल्यावर गावात एक गोसावी उतरला. उत्तरेकडच्या डोंगरातून पायी आलेला, पायाला चिंध्या बांधलेल्या. कोंडाईनं त्याला भाकरी वाढली, तेवढ्यात आतून मैनाजीचा आवाज आला. गोसाव्याचा घास हातातच राहिला. त्यानं झोळीतून वाळलेल्या तुऱ्यांची पुडी काढली, दुधात उकळून, गाळून, गूळ घालून मैनाजीला पाजली. मैनाजी झोपला. एक दिवस झोपला, दुसरा दिवस झोपला. तिसऱ्या दिवशी उठून त्यानं भाकर मागितली. ती भाकर थापताना कोंडाई इतकी रडली की पिठाला वेगळं पाणी लागलं नाही, असं म्हणतात.

पण पुडी तेवढीच होती. ती भांगेची होती, महादेवाच्या झाडाची. गोसाव्याकडे आणखी तुरे नव्हते. बिया होत्या, पाच. त्या त्यानं कोंडाईच्या तळहातावर ठेवल्या.

"माई, हे थंड मुलुखाचं झाड आहे. याला ऊन लागतं, पण डोक्यावर. पायाशी ऊन लागलं की मरतं. आणि एक ध्यानात ठेव. यात एक झाड आई असतं, एक बाप असतं. औषध आईच्या तुऱ्यात असतं. बाप फुलून उधळला, की आई बी धरते, औषध सोडते. म्हणून बापाला वेळेत दूर कर."

"आई कोणती न बाप कोणता, हे कसं समजन, महाराज?"

"फूल आलं की समजेल," गोसावी म्हणाला, आणि झोळी उचलून चालू लागला. साधूंची ही एक खोडच असते. सगळं सांगतात आणि नेमकं अर्धं ठेवतात.

कोंडाईनं परसात, मागच्या भिंतीच्या कडेला, दोन बिया लावल्या. भिंत काळ्या दगडाची, मैनाजीनं रचलेली. तिथं वारा लागणार नाही, असा तिचा हिशेब. कोंब आले, चार पानं आली, आणि चैत्र अर्धा सरायच्या आत दोन्ही रोपं मान टाकून वाळली. कोंडाई दिवसभर पाणी घालत होती तरी वाळली. एक दिवस दिवेलागणीला ती सहज भिंतीला टेकली आणि चटका बसून उठली. जन्म दगडात गेलेला, पण एवढी साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. दगड दिवसभर ऊन पितो आणि सूर्य गेल्यावर सावकाश ओकतो. दिवसा वरून ऊन, सांजेला बाजूनं भट्टी. रोपं बिचारी शिजली होती.

"मीच भाजली वो माय," ती त्या वाळक्या काड्यांना म्हणाली.

उरल्या तीन बिया. आता कोंडाई शहाणी झाली. तिनं परसाच्या मधोमध, भिंतीपासून लांब जागा धरली. हातभर खोल खड्डा केला, त्यात शेणखत आणि नदीचा गाळ भरला. काठ फुटलेला रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरला, आणि त्याच्या अंगाला तिन्ही बिया लावल्या. रांजणात पाणी असलं की ते मातीच्या अंगातून हळूहळू पाझरतं, आणि मुळं गार राहतात. वर तुरीच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, बोटभर थर घातला. चार तुराट्या रोवून त्यांवर आपलं जुनं लुगडं बांधलं. सकाळी ते सोडायचं, ऊन डोक्यावर चढलं की बांधायचं, कलतं झालं की पुन्हा सोडायचं. तान्ह्या लेकराला कोणी इतकं पाहत नाही.

पण रांजण भरायला पाणी हवं. वैशाखात विहीर तळाला गेली. घरटी दोन घागरी, त्याही गढूळ. कोंडाई आपल्या वाट्याचं पाणी झाडाला घालायची आणि स्वतः ओठ चाटत बसायची. हे कोणाला सांगितलं नाही तिनं. पण गावात झाकून काय राहतं? एका सकाळी ती परसात आली तर कुंपणाशी नऊ-दहा बाया उभ्या. प्रत्येकीच्या हातात पाण्याचा एक गडवा. सगळ्यात पुढं होती म्हातारी गिरजाबाई तेलीण, जिच्या घरी कोंडाईनं कितीदा जात्याला टाकी लावून दिली होती आणि पदरची ज्वारी विसरून आली होती.

"आमच्या जात्याले दात तुह्या हातचे हायेत," गिरजाबाई म्हणाली. "एक गडवा पाणी म्हणजे काय भारी हाय का? सरक तिकडं."

त्या दिवसापासून रोज सकाळी घरटी एक गडवा पाणी रांजणात पडू लागलं. ज्यांच्या घरी चूळ भरायला पाणी नव्हतं, त्यांचाही गडवा यायचा. तो अर्धा असायचा, पण यायचा. कोंडाई प्रत्येकीच्या पाया पडायला वाकायची आणि प्रत्येक जणी तिला हाताला धरून उठवायची. आजही बोरखळीत कोणी कोणाचे फार आभार मानू लागलं की म्हणतात, "कोंडाई होऊ नको, गडवा दे इकडं."

तीन बियांतली एक उगवलीच नाही. दोन रोपं मात्र तरारली. एक होतं बुटकं, रुंद, जाड बुंध्याचं, फांद्यांनी भरलेलं. दुसरं होतं उंच, सडपातळ, वाऱ्यावर लवलवणारं. ज्येष्ठात ती दोन्ही कोंडाईच्या खांद्याला लागली, आणि गावात तो एकच विषय झाला. आई कोणती आणि बाप कोणता?

कारण वेळ थोडा होता. बाप उधळला तर औषध गेलं, आणि औषध गेलं तर मैनाजी गेला. आकड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. झोप पुन्हा गेली होती. गाव जमलं. माणकोजी पाटील आले, हात मागं बांधून दोन्ही झाडांभोवती फिरले. पाटलांना बैलाची पारख होती, घोड्याची पारख होती, सोयरिकीला आलेल्या मुलाची तर लांबूनच पारख होती. झाडाची असायलाच हवी, असं त्यांना वाटलं आणि गावालाही वाटलं.

"हे पाहा," पाटील त्या जाड झाडाकडे बोट दाखवून म्हणाले. "मान पाहा, छाती पाहा. पाय कसे रोवून उभा हाय! हाच बाप. आन हे दुसरं, कसं नाजूक, कसं लवते. बाई मानूस हाय ते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गिरजाबाई तेवढी पुटपुटली, "ज्यानं कधी निंदण केलं नाही त्यानं झाडं पाह्यावं, बाप्पा," पण म्हातारीचं कोण ऐकतो?

कोंडाई हळूच म्हणाली, "महाराजानं सांगतलं होतं पाटील, फूल आलं का समजते म्हून. थोडं थांबलं तर..."

"फूल आलं म्हणजे उधळलंच की! मंग काय मैनाजीले दाखवतं ते फूल?"

आतून मैनाजी कण्हला. कोंडाईला दुसरं काही सुचेना. गावानं तोंडचं पाणी काढून दिलं होतं, पाटील आपणहून आले होते, आणि खरं तर तिलाही ते जाड झाड बापासारखंच दिसू लागलं होतं. भीती वाटली की माणसाला समोरचं दिसत नाही, सांगितलेलं दिसतं. तिनं दोन्ही हातांनी ते झाड धरलं आणि मुळासकट उपटलं. पाटील समाधानानं घरी गेले.

पण झाड फेकायला तिचा हात होईना. दोन महिने जिवापाड जपलेलं. तिनं ते रांजणाच्या ओल्या अंगाला, कुटाराखाली ठेवून दिलं.

चौथ्या दिवशी उंच झाडाला फुलं आली. पिवळट, लोंबती, घोसाघोसानं. वाऱ्याची झुळूक आली आणि त्यांतून पिवळी धूळ उडाली. पिठासारखी. कोंडाई जागच्या जागी बसली. तुरा नाही, काही नाही. नुसती धूळ. जो लाजत लवत उभा होता तो बाप होता, आणि छाती काढून उभी होती ती आई होती.

तिनं कुटार बाजूला केलं. पानं सगळी गळून गेली होती. तिनं नखानं बुंधा खरवडला. आत, अगदी आत, हिरवं होतं.

बातमी गावभर गेली तशी पाटील अनवाणी धावत आले. हो, अनवाणी. त्या पाऊस नसलेल्या मिरगात, तव्यासारख्या तापलेल्या जमिनीवरून. हातात कोयता. आधी त्या उंच झाडाला तोडायला निघाले.

"थांबा," कोंडाई म्हणाली. "त्याचा काय गुन्हा? तो नसला तं पुढच्या साली बी कोठून आनू? त्याले मुळासकट काढा आन गावाच्या पार खालच्या टोकाले लावा, वारा तिकडून येत नाही. मारू नका त्याले."

त्या वेळी तिचा नवरा आत तळमळत होता आणि ती दुसऱ्या झाडाचा जीव मागत होती.

मग तिनं आई झाड पुन्हा त्याच खड्ड्यात लावलं. आता त्याला पान नव्हतं, मुळं सैल, आणि वर मिरगाचं कोरडं ऊन. लुगडं बांधलं, तर गरम वाऱ्याची वावटळ आली आणि तुराट्यांसकट लुगडं घेऊन गेली. दुसरं बांधलं, तेही गेलं. तेव्हा कोंडाई झाडाच्या अंगाशी स्वतः उभी राहिली.

आता मिरगात भर दुपारी माणसाची सावली किती असते? पायाच्या बोटांपुढं जात नाही. सूर्य नेमका टाळूवर असतो. कोंडाई कमरेतून वाकली आणि झाडावर छत धरावं तशी उभी राहिली. सकाळी उभी राहिली, दुपारी उभी राहिली, ऊन कलेपर्यंत उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

पाटील पहिल्याच दिवशी वाऱ्याच्या बाजूला जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. मग त्यांच्या शेजारी गिरजाबाई आली. मग लोहार आला, कोष्टी आले, महारवाड्यातली माणसं आली. त्या दिवसांत कोण कोणाच्या शेजारी उभं राहायचं याचे फार नियम होते. पण झळ सगळ्यांच्या पाठीला सारखीच लागत होती. माणसांची एक भिंतच झाली, आणि ही भिंत दगडाची नसल्यामुळे झाडाला भाजत नव्हती.

असं म्हणतात, की चौथ्या दिवशी दुपारी लोकांनी पाहिलं तर कोंडाईची सावली वाढली होती. सूर्य टाळूवर, आणि सावली मात्र झाडाच्या चहूबाजूंना हातभर पसरलेली, गार, गडद. सूर्य पुढं सरकला, पण सावली सरकली नाही. सगळ्यांच्या सावल्या पूर्वेला लांबल्या आणि कोंडाईची तिथंच राहिली. नवव्या दिवसापर्यंत राहिली. सूर्यानंच मान खाली घातली, असं गिरजाबाई मरेपर्यंत सांगायची. नवव्या दिवशी बुंध्याला, अगदी खालच्या अंगाला, एक हिरवा डोळा फुटला.

मैनाजी? मैनाजीला तेवढे दिवस कसं तगवलं ते आत जाऊन कोणी पाहिलं नाही. पण त्याला खाटेवरून परस दिसायचं. बायको आपल्यासाठी उन्हात वाकून उभी आहे, हे तो नऊ दिवस पाहत होता. "त्या नऊ दिवसांत मले मरायची लाज वाटली," असं तो पुढं म्हणायचा.

पुढं पाऊस आला, झाड वाढलं, आणि आश्विनात त्याला तुरे आले. जाड, चिकट, वासाचे. सगळं झाड औषधानं भरलं. फक्त एका खालच्या फांदीवर कोंडाईनं गावाच्या टोकाहून आणलेली बापाची चिमूटभर धूळ आपल्या बोटानं लावली होती, आणि त्या एका फांदीला बी धरलं. दसऱ्याला मैनाजी झोपला. तो घोरू लागला तेव्हा परसात जमलेल्या माणसांनी एकमेकांना गप्प केलं आणि चपला हातात घेऊन सगळे आपापल्या घरी गेले. दिवाळीला तो ओसरीवर काठी टेकत येऊन बसला. चालायला पूर्वीसारखं कधी आलं नाही, पण त्यानं पुढं पंधरा दिवाळ्या पाहिल्या.

औषध कोंडाईनं कोणाला नाकारलं नाही. अडलेली बाळंतीण असो, मोडलेलं हाड असो, दुखण्यानं वेडा झालेला म्हातारा असो, ती दूध मागायची आणि मोजून द्यायची. दुखणं नसताना मौजेसाठी मागायला आला, त्याला ती छिन्नी दाखवायची. "ये, तुह्या डोक्याले टाकी लावून देतो," म्हणायची. आणि बी मात्र तिनं घरोघरी वाटलं. दरवेळी सांगायची, "माह्या झाडाले पाणी तुमचं हाय. माह्या माणसाची झोप तुमची हाय. हे तुमचंच तुमाले देतो."

अशीच खूप म्हातारी होऊन ती एका वैशाखात, परसात, झाडाशी बसल्या बसल्या गेली. गावानं तिला उचललं. पालखीत बसवावं तसं नेलं, म्हणतात. परत आल्यावर पाहिलं तर देह नेला होता आणि सावली तिथंच राहिली होती. भर दुपारी, वर काहीही नसताना, जमिनीवर हातभर गडद गार जागा. आजही तिथं अनवाणी उभं राहिलं तर पाय भाजत नाही.

आता ते झाड लावायला बंदी आहे. बोरखळीत ते कोणी लावत नाही, आणि दुखण्याला दवाखाना आहे. पण कोंडाईच्या नावानं एक गोष्ट अजून होते. पावसाळ्यात पहिल्या निंदणाला गावातल्या बाया ओळीनं शेतात उतरतात. गवत उपटतात, तण उपटतात. पण जे रोप कोणालाच ओळखता येत नाही, त्याला फूल येईपर्यंत कोणी हात लावत नाही. त्याच्यापाशी आलेली बाई थांबते आणि पाटलांच्या घरचं माणूस बोलावते. पाटलांच्या घरचा जो कोणी कर्ता असेल तो बांधावर चपला काढून येतो. तो शिकलेला असो, मोटारीतून आलेला असो, यायचं अनवाणीच. त्या बोटभर रोपापुढं तो हात जोडतो आणि सगळ्या गावादेखत म्हणतो,

"ओळख नाही पटली, माय. राह्य तू."

मग तिथून सगळी ओळ ते रोप मध्ये सोडून पुढं सरकते.